आइन्स्टाइन वलयातून दूरच्या दीर्घिकेचा वेग कसा काढायचा

एसपीटी ०४१८-४७ हे नाव रुक्ष आहे, पण या लेखापुरती तीच आपली दीर्घिका. दक्षिण ध्रुवावरच्या साउथ पोल टेलिस्कोपने ती हेरली. नावातले आकडे म्हणजे तिचा आकाशातला पत्ता: विषुवांश ४ तास १८ मिनिटे, क्रांती उणे ४७ अंश. थंडीच्या रात्री पुण्याहून दक्षिणेला अगस्त्य दिसतो ना, त्याच्या पश्चिमेला हा भाग येतो आणि क्षितिजापासून जेमतेम २३-२४ अंश वर चढतो. डोळ्यांना तिथे काहीच दिसणार नाही. तिचा प्रकाश १२ अब्ज वर्षांहून जास्त काळ वाटेत होता. तो निघाला तेव्हा विश्वाचे वय होते साधारण १.४ अब्ज वर्षे.

इतक्या लहान वयाच्या विश्वातल्या दीर्घिका खदखदणाऱ्या, विस्कटलेल्या असणार अशीच अपेक्षा होती. २०२० मध्ये फ्रान्चेस्का रिझ्झो आणि सहकाऱ्यांनी हिच्यातल्या वायूचे वेग मोजले, तर निघाली शांतपणे फिरणारी पातळ चकती. फिरण्याचा वेग आणि वायूच्या स्वैर वेगांचा पसारा यांचे गुणोत्तर ९.७ आले, म्हणजे आजच्या सर्पिल दीर्घिकांसारखे. हे मोजणे शक्य झाले ते वाटेत आडव्या आलेल्या एका दुसऱ्या दीर्घिकेमुळे. तिच्या गुरुत्वाने मागच्या दीर्घिकेची प्रतिमा ताणून तिचे जवळजवळ पूर्ण वलय केले आणि प्रकाश सुमारे ३० पट वाढवला. अशा आडव्या आलेल्या दीर्घिकेला गुरुत्वीय भिंग म्हणतात आणि अशा वलयाला आइन्स्टाइन वलय.

हे काम कसे करतात ते पायरीपायरीने सांगतो. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा किंवा एमएस्सीचा विद्यार्थी, थोडेफार पायथन आणि बऱ्यापैकी रॅम असलेला लॅपटॉप एवढे गृहीत धरले आहे. दुर्बीण लागत नाही, कारण निरीक्षणे खुल्या संग्रहात आहेत.

आधी एक घरगुती प्रयोग

आलेखाच्या कागदावर रुपयाएवढे वर्तुळ काढा. अर्धे लाल रंगवा, अर्धे निळे. ही तुमची फिरणारी दीर्घिका: निळी बाजू आपल्याकडे येणारी, लाल बाजू दूर जाणारी. आता दांड्याच्या काचेच्या ग्लासचा गोल पाया त्यावर ठेवा आणि दांड्याच्या दिशेने वरून पाहा. पाया हळूहळू सरकवला की वर्तुळाची कमान होते, कमानीचे वलय होते. आलेखाच्या रेषा कुठे वाकतात तेही बघून ठेवा.

यातून दोन गोष्टी हाताला लागतात. आकार पार बिघडतो, पण लाल हा लालच राहतो आणि निळा निळाच. गुरुत्वीय भिंगही असेच वागते. ते प्रकाशाची दिशा वाकवते; तरंगलांबी बदलत नाही. म्हणून वलयाच्या एखाद्या ठिकाणी जो डॉप्लर वेग (रंगातल्या बदलावरून काढलेला, आपल्या दिशेचा वेग) मोजाल, तोच मागच्या दीर्घिकेतल्या त्या जागेचा खरा वेग. आपली सगळी पद्धत या एका आधारावर उभी आहे.

दुसरी गोष्ट सावध करणारी. वलयात लाल-निळ्याची मांडणी मूळ चकतीसारखी राहत नाही. एकच बाजू दोन ठिकाणी दिसते, मधे उलटापालट होते. त्यामुळे वलयाच्या चित्रावरून थेट ‘ही बाजू येते, ती जाते’ असे म्हणायचे नाही. आधी प्रतिमा उलगडायची, मग वेग वाचायचा.

पायरी १: दीर्घिका निवडणे

इतिहासातले पहिले गुरुत्वीय भिंग, १९७९ मध्ये सापडलेले क्यू ०९५७+५६१, या कामाला निरुपयोगी आहे. तिथे मागे क्वेसार (दूरच्या दीर्घिकेचे अतितेजस्वी केंद्र) आहे आणि क्वेसार दिसतो ठिपक्यासारखा. ठिपक्याचे फिरणे काय दिसणार? आपल्याला लांब कमान किंवा वलय हवे. मागच्या दीर्घिकेचे रेडशिफ्ट (विश्वाच्या प्रसरणाने प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली त्याचे माप) वर्णपटावरून पक्के ठरलेले हवे. समोरचे भिंग शक्यतो एकच लंबवर्तुळाकार दीर्घिका असावे. दीर्घिकांच्या समूहामुळे होणारी भिंगे दिसायला भव्य असतात, पण त्यांत वस्तुमानाचे इतके तुकडे असतात की पहिल्याच खेपेला त्यांच्या नादी लागू नये.

सरावासाठी मी एसडीपी.८१ सुचवतो. रेडशिफ्ट ३.०४. चिलीतल्या आल्मा या रेडिओ दुर्बिणीने २०१४ मध्ये आपल्या सर्वांत लांब अँटेना-रचनेची चाचणी घेतली तेव्हा हे वलय टिपले आणि ती निरीक्षणे सर्वांसाठी खुली केली. नव्या भिंगांचा शोध ही वेगळीच गंमत आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘स्पेस वॉर्प्स’ या लोकसहभागाच्या प्रकल्पात हजारो हौशी लोकांनी दुर्बिणीच्या छायाचित्रांत कमानी शोधल्या. पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेतल्या अनुप्रीता मोरे या त्या प्रकल्पाच्या प्रमुखांपैकी एक.

पायरी २: डाउनलोड करण्याआधी कागदावरचे गणित

रिझ्झो यांच्या गटाने आयनीभूत कार्बनची वर्णपटातली रेषा (ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश) वापरली. तरंगलांबी १५८ मायक्रोमीटर, वारंवारता १९००.५ गिगाहर्ट्झ. ताऱ्यांच्या प्रकाशाने तापलेला वायू थंड होताना ही रेषा भरपूर उजळते. जवळच्या दीर्घिकांत ती जमिनीवरून दिसत नाही, कारण हवेतली वाफ ती गिळून टाकते. दूरच्या दीर्घिकांत मात्र रेडशिफ्ट आपल्या मदतीला येते:

दिसणारी वारंवारता = मूळ वारंवारता ÷ (१ + रेडशिफ्ट)

एसपीटी ०४१८-४७ चे रेडशिफ्ट ४.२२५. म्हणजे १९००.५ ÷ ५.२२५, साधारण ३६३.७ गिगाहर्ट्झ. आल्माच्या बँड ७ या वारंवारतांच्या पट्ट्यात (२७५ ते ३७३ गिगाहर्ट्झ) ती बसते, अगदी कडेला का होईना. चिलीच्या अटाकामा वाळवंटात, ५,००० मीटर उंचीवर, कोरड्या हवेत आल्माच्या ६६ अँटेना उभ्या आहेत त्या अशाच कामासाठी.

या वारंवारतेला सेकंदाला १ किलोमीटर वेग म्हणजे १.२१ मेगाहर्ट्झचा फरक. तेव्हा सेकंदाला २५ किलोमीटर रुंदीचा एक चॅनेल (वेगाचा एक कप्पा) हवा असेल तर ३० मेगाहर्ट्झ एकत्र करा. त्याहून बारीक चिरलेत तर प्रत्येक चॅनेलमध्ये नुसता गोंगाट उरेल.

आता बारकाव्याचा हिशेब. या अंतरावर १ आर्कसेकंद (अंशाचा ३,६०० वा भाग) म्हणजे साधारण ७ किलोपार्सेक (एक किलोपार्सेक म्हणजे सुमारे ३,२६० प्रकाशवर्षे). बीम, म्हणजे दुर्बिणीला सुटा दिसणारा सर्वांत बारीक ठिपका, ०.२ आर्कसेकंदाची असेल तर भिंगाशिवाय १.४ किलोपार्सेकपेक्षा लहान काही सुटे दिसणार नाही. अख्खी चकती तीन-चार किलोपार्सेक त्रिज्येची. त्यात फिरण्याचा आलेख काय काढणार? भिंगामुळे प्रकाश ३० पट झाला म्हणून बारकावाही ३० पट वाढला असे पुष्कळ जण धरून चालतात. तसे होत नाही. ३० पट हे क्षेत्रफळाचे आहे. शिवाय अशा भिंगात ताण पडतो तो मुख्यतः वलयाच्या कडेकडेने. केंद्राकडून बाहेरच्या दिशेने जवळजवळ पडतच नाही. त्यामुळे दीर्घिकेचा काही भाग फार बारीक दिसतो आणि काही भाग अगदी बेताचा.

पायरी ३: डेटा आणि क्यूब

आल्माची निरीक्षणे साधारण वर्षभर ज्या गटाने वेळ मागितली त्याच्याकडे राहतात, नंतर संग्रहात सर्वांना मिळतात. हाताळायला कासा हे मोफत सॉफ्टवेअर आहे. धुळीचा सलग प्रकाश वजा करायचा, मग टीक्लीन या आज्ञेने प्रत्येक वेगाचे वेगळे चित्र बनवायचे. या चित्रांच्या गठ्ठ्याला क्यूब म्हणतात: दोन बाजू आकाशाच्या, तिसरी वेगाची.

इथे मी एकदा तोंडावर आपटलो आहे. क्यूबमध्ये मूळ वारंवारता १९००.५ ठेवली आणि रेडिओच्या प्रचलित सूत्राने वेग काढले. वेग दिसायला व्यवस्थित, पण खऱ्यापेक्षा ५.२ पट लहान! (१ + रेडशिफ्ट) चा गुणक हरवला होता. दीर्घिका इतकी संथ कशी फिरते म्हणून मी दोन दिवस भिंगाच्या मॉडेलला दोष देत बसलो होतो. म्हणून संदर्भासाठी रेडशिफ्ट झालेलीच वारंवारता, इथे ३६३.७, द्या.

क्यूब तयार झाला की लगेच सरासरी वेगाचा नकाशा काढू नका. एकेक चॅनेल क्रमाने पाहा. फिरणारी चकती असेल तर उजळ ठिपका वलयावरून शिस्तीत चालत जातो, एका टोकाच्या वेगाकडून दुसऱ्या टोकाकडे. तो मधेच उडी मारत असेल, तर ते वहीत टिपून ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

पायरी ४: भिंगाचे मॉडेल

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. भिंगाचे समीकरण एका ओळीचे आहे: खरी जागा = दिसणारी जागा − वळण. वळण किती, ते समोरच्या दीर्घिकेचे वस्तुमान कसे पसरले आहे यावर ठरते. सुरुवातीला समतापी लंबवर्तुळाचे मॉडेल घ्या (वस्तुमानाची घनता केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते असे ते धरते). त्यात केंद्राचे दोन आकडे, आइन्स्टाइन त्रिज्या (वलयाची त्रिज्या), लंबवर्तुळाचे दोन आणि शेजारच्या दीर्घिकांच्या ओढीचे दोन, असे एकूण सात आकडे बसवायचे असतात. पायऑटोलेन्स आणि लेन्सट्रॉनॉमी या दोन्ही पायथन-साधनांत हे तयार मिळते.

पहिले मॉडेल रेषेवर बसवू नका. धुळीच्या सलग प्रकाशाचे चित्र सर्वांत उजळ असते, त्यावर बसवा. एक सोय अशी की समोरच्या म्हाताऱ्या दीर्घिकेत थंड धूळ आणि वायू फारसा नसतो. मिलिमीटरच्या जवळच्या तरंगलांबीत ती जवळजवळ अदृश्य असते. दृश्य प्रकाशात करावी लागते ती वजाबाकीची कटकट इथे नाही.

मग भान ठेवणारी एक तपासणी. समतापी भिंगात आइन्स्टाइन त्रिज्येवरून समोरच्या दीर्घिकेतल्या ताऱ्यांच्या वेगांचा पसारा काढता येतो. आपल्या भिंगाचे रेडशिफ्ट ०.२६ आणि वलयाची त्रिज्या सुमारे १.२ आर्कसेकंद. अंतरांचे गुणोत्तर घालून पसारा येतो साधारण २२० किलोमीटर प्रतिसेकंद. मोठ्या लंबवर्तुळाकार दीर्घिकेला हे शोभते. तुमच्या मॉडेलने ८० किंवा ६०० दिले, तर संगणक कितीही खूश असला तरी तुम्ही थांबा.

आणखी एक सापळा. मागची दीर्घिका चौकटी-चौकटींनी मोकळेपणे रंगवायची मुभा संगणकाला सुरुवातीलाच दिलीत, तर तो लबाडी करतो. भिंगाचे वस्तुमान शून्याजवळ आणतो आणि ‘मागची दीर्घिकाच वलयासारखी आहे’ असे सांगून मोकळा होतो. जुळणी उत्तम, भौतिकी शून्य. म्हणून आधी मागची दीर्घिका साध्या गुळगुळीत गोळ्यासारखी धरा, वस्तुमान ठरू द्या, आणि मगच चौकटींची मुभा द्या.

पायरी ५: प्रत्येक चॅनेल मागे नेणे

भिंग ठरले की ते गोठवा. सर्व वेगांना तेच भिंग लागू, कारण भिंगाला रंगाचा भेद नाही. काही जण स्वच्छ केलेल्या चित्रातला एकेक ठिपका उचलून समीकरणाने मागे नेतात. हे करू नका. चित्र आधीच बीमने पुसट झालेले असते. ते मागे नेले की पुसटपणाही वेडावाकडा होऊन जातो आणि दीर्घिकेत नसलेल्या रेघा उमटतात. उलट दिशेने जा. मागच्या दीर्घिकेचा अंदाज करा, तो भिंगातून पुढे आणा, बीमने पुसट करा आणि निरीक्षणाशी ताडा. फरक गोंगाटाएवढा उरेपर्यंत अंदाज सुधारत राहा.

रिझ्झो यांचा गट याच्याही पुढे गेला. त्यांनी चित्राऐवजी अँटेनांच्या जोड्यांनी नोंदवलेल्या मूळ मोजमापांवरच मॉडेल बसवले. आल्माच्या चित्रात शेजारशेजारच्या ठिपक्यांचा गोंगाट एकमेकांत गुंतलेला असतो, आणि या वाटेने गेले की तो प्रश्न टळतो. लॅपटॉपवर मात्र ते जड जाते. पहिल्या वेळी चित्रावर करा, हरकत नाही.

पायरी ६: फिरण्याचे मॉडेल

आता हातात उलगडलेल्या दीर्घिकेचा क्यूब आहे. चकती एकात एक बसलेल्या कड्यांची बनलेली आहे असे धरतात. प्रत्येक कड्याला फिरण्याचा वेग आणि वेगांचा पसारा. सगळ्यांना मिळून केंद्र, दिशा आणि कल (चकती आपल्याला किती तिरपी दिसते तो कोन; अगदी समोरून दिसली तर शून्य). थ्री-डी बारोलो हे मोफत साधन हेच करते आणि नकाशाऐवजी सबंध क्यूबवर करते. हा फरक मोठा आहे. केंद्राजवळ वेग झपाट्याने बदलतो. बीम येणारा आणि जाणारा वायू एकत्र कालवते आणि रेषा रुंद दिसते. नकाशावरून वाचणाऱ्याला वाटते, काय हा खवळलेला वायू! प्रत्यक्षात तो मुकाट फिरत असतो. क्यूबवर मॉडेल बसवताना ही कालवाकालव मॉडेलमध्येही होते, म्हणून पसारा फुगत नाही. गुणोत्तर ९.७ आहे की ३, हे बऱ्याचदा इथेच ठरते.

एक अडचण आहे: बारोलो सगळीकडे एकच बीम धरते, आणि उलगडलेल्या दीर्घिकेत बीम जागोजागी वेगळी असते. त्यामुळे बारोलोचे उत्तर पहिला अंदाज म्हणून घ्या. मग तीच चकती भिंगातून पुढे आणून मूळ वलयाशी ताडा.

कलाबद्दल थोडे सविस्तर. डॉप्लरने आपल्याला मिळतो फक्त आपल्या दिशेचा वेग. खरा वेग काढायला त्याला कलाच्या साइनने भागायचे. कल ६० अंशांच्या आसपास असेल तर पाच-दहा अंशांच्या चुकीने फार बिघडत नाही. पण कल ३० अंश असेल आणि चूक १० अंशांची, तर गुणक १.५६ पासून २.९२ पर्यंत कुठेही असू शकतो. म्हणजे वेगात जवळजवळ दुपटीची अनिश्चितता. समोरून दिसणारी, गोल गरगरीत दीर्घिका दिसायला सुंदर, मोजायला वाईट. कल शक्य तर धुळीच्या आकारावरून आणि वेगांवरून असा दोन वाटांनी काढा आणि दोन्ही उत्तरे लिहा.

शेवटी दीर्घिकेच्या लांबट अक्षावर एक फट ठेवून जागा विरुद्ध वेग असा आलेख काढा. चकती असेल तर तिरका इंग्रजी एस दिसतो: मधे चढ, दोन्हीकडे सपाट. त्या सपाट भागाच्या वेगावरून वस्तुमान मिळते. वेग २५० किलोमीटर प्रतिसेकंद आणि त्रिज्या ३ किलोपार्सेक धरली, तर वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या भागिले गुरुत्वाचा स्थिरांक, म्हणजे साधारण ४४ अब्ज सूर्यांएवढे.

पायरी ७: आपण कुठे फसलो असू?

त्या ४४ अब्जांवर लगेच विसंबू नका. भिंगाच्या समोर किंवा आसपास वस्तुमानाचा एक सपाट थर असेल, तर वलयाच्या चित्रावरून तो ओळखता येत नाही, पण मागच्या दीर्घिकेचा आकार मात्र बदलतो. वेग बदलत नाहीत, कारण ते रंगावरून आलेले आहेत. त्रिज्या १० टक्के बदलली की वस्तुमानही १० टक्के बदलले. त्यामुळे अशा कामांत वेग आणि पसारा यांच्या गुणोत्तरावर मी वस्तुमानापेक्षा जास्त विश्वास ठेवतो.

दुसरी फसगत म्हणजे असमान वाढ. मागच्या दीर्घिकेची एक बाजू भिंग प्रकाश सर्वांत जास्त वाढवते त्या पट्ट्याजवळ असेल, तर ती ५० पट उजळेल आणि दुसरी १० पटच. सबंध वलयाची रेषा एकत्र करून तिचा आकार वाचला, तर एकीकडे झुकलेली रेषा दिसते आणि वायू एका बाजूला उसळतो आहे असे वाटते. खरे तर उजेडच तिरपा पडलेला असतो.

तिसरी फसगत: दोन दीर्घिका एकमेकींत मिसळताना एक येते, एक जाते, आणि दुरून ते फिरत्या चकतीसारखे दिसते. एसपीटी ०४१८-४७ च्या बाबतीत या मुद्द्याला पुढे वेगळेच वळण मिळाले. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून तिच्या अगदी जवळ एक छोटी सोबतीण दीर्घिका असल्याचे दोन गटांनी दाखवले. मुख्य चकती फिरते हे त्याने पुसले गेले नाही, पण ‘एकटी, निवांत दीर्घिका’ हे चित्र मात्र बदलले. पायरी ३ मध्ये उडी मारणारा ठिपका वहीत टिपायला सांगितला होता तो याचसाठी. तो गोंगाट म्हणून पुसण्याआधी तिथे शेजारी तर नाही ना, ते पाहा.

हीच कृती इतर रेषांवर

दृश्य आणि अवरक्त प्रकाशातही हे चालते. २००८ मध्ये केक दुर्बिणीने ‘कॉस्मिक आय’ या रेडशिफ्ट ३.०७ च्या दीर्घिकेचे फिरणे सुमारे १०० पार्सेकच्या बारकाव्याने टिपले, तेही भिंगाच्याच मदतीने. नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने रेडशिफ्ट १.२९ च्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची रेषा पकडल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. १४२० मेगाहर्ट्झ भागिले २.२९, म्हणजे ६२० मेगाहर्ट्झ. तिथे भिंगाने सुमारे ३० पट मदत केली. मात्र या वारंवारतेला जीएमआरटीची बीम काही आर्कसेकंदांची असते, म्हणून कमान उलगडत नाही. वायू आहे हे कळते, रेषेची रुंदी कळते. कड्याकड्यांचा वेग काढता येत नाही. कोणत्या दुर्बिणीला कोणता प्रश्न विचारायचा, ते पायरी २ च्या कागदी गणितावरच ठरवा.

पायरी ८: खोटी दीर्घिका

निकाल कुणाला दाखवण्याआधी संगणकात दोन खोट्या दीर्घिका बनवा. एक शिस्तीत फिरणारी चकती. दुसरी अजिबात न फिरणारी, फक्त वेड्यावाकड्या वेगांच्या सात-आठ गुठळ्या. दोघींना त्याच भिंगातून न्या, तीच बीम लावा, तुमच्या खऱ्या क्यूबएवढाच गोंगाट मिसळा. मग मित्राला सांगा, फाइलींची नावे बदलून दे. पायरी ३ पासून सगळे पुन्हा करा, आणि दुसरीच्या आलेखातही सुबक एस उमटला तर मूळ दीर्घिकेची फाइल तूर्त बंद ठेवा.